रविवारची वही : कारेलीबाग, बडोदे

८ सप्टेंबर २०२४, रविवार

काल गणपती बसले. आरास केली नाही, चौरंग तेवढा घासून धुऊन घेतला. भिंतीवर पुराची रेघ अजून तशीच आहे, माझ्या कमरेच्या जरा वर, आणि तिच्या खालचे पोपडे रोज थोडे थोडे गळताहेत. जन्माष्टमीला, २६ ऑगस्टला, पाऊस लागला तो थांबेचना. वरून आजवा धरणाचं पाणी आलं आणि विश्वामित्री नदी ३५ फुटांच्याही वर गेली. धोक्याची खूण २५-२६ फुटांच्या आसपास असते. लष्कर आलं, एनडीआरएफच्या बोटी आल्या, पण आमच्या गल्लीत सगळ्यात आधी आली ती आमचीच मुलं.

ती मी डोळ्यांनी पाहिली म्हणून ही वही सुरू करते आहे. ट्रॅक्टरच्या ट्यूबवर दुधाच्या पिशव्या ठेवून छातीभर पाण्यातून ढकलत आणत होती. एका मुलानं समोरच्या आजींना पाठीवर घेऊन जिना चढवला. वीज नव्हती, फोन बंद, तरी कोणत्या गच्चीवर किती माणसं आहेत हे त्यांना तोंडपाठ होतं.

त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये ४३ जण आहेत. काल आरतीनंतर दोघं आले. "काकू, हे असं विरून जायला नको. काहीतरी कायमचं करू या." मी २८ वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळलं. मुलांच्या डोळ्यांतली ही चमक मला ठाऊक आहे, आणि ती कधी मावळते तेही. 'कायमचं' हा शब्द मला आवडला. 'काहीतरी' या शब्दाची मात्र काळजी वाटते.

१५ सप्टेंबर, रविवार

आमच्या ओट्यावर बैठक. १९ जण आले. ॲप बनवू, रॅली काढू, टी-शर्ट छापू, ड्रोन घेऊ, मागची कांस (पावसाच्या पाण्याचा ओहोळ) साफ करू, रील करू असं बरंच निघालं. मी कुणाला अडवलं नाही, सगळं लिहून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं, "पुढच्या रविवारी सकाळी आठ वाजता कोण, कुठे उभं असेल?" कुणी बोललं नाही. मग एक जण म्हणाला, मंगळवारी विसर्जन आहे, त्यानंतर ठरवू. खरंच आहे, विसर्जन होऊ दे.

२९ सप्टेंबर, रविवार

सात जण. सीए करणारी मुलगी रागावलेली होती. "लोकांना कशाचंच पडलेलं नाही काकू. महिना झाला नाही तर विसरले." तिला मी म्हटलं की विसरले नाहीत. पुरात तुम्ही धावलात कारण गच्चीवरून कुणीतरी हाक मारत होतं. आता हाक मारणारं कोणी नाही. माणूस हाकेला धावतो. नुसत्या ग्रुपमधल्या निरोपाला धावत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

बोलून गेले खरी, पण रात्रभर तेच डोक्यात होतं. पूर नसताना हाक कुठून आणायची?

गुरुवारपासून नवरात्र. आता दसऱ्यापर्यंत बडोद्यात कुणाला बोलावण्यात अर्थ नाही, आणि बोलावूही नये. मुलांनी गरबा खेळावा.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

आज उत्तर सापडल्यासारखं वाटतंय, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्यानं आजींना पाठीवर घेतलं होतं तो मुलगा फराळाचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेला. मीही बरोबर होते. आजी ७९ वर्षांच्या, तळमजल्यावर एकट्या राहतात, मुलगा परदेशी. त्यांनी सहज सांगितलं की त्या चार दिवसांत फ्रिज बंद पडला, आणि फ्रिजमध्ये त्यांचं इन्सुलिन होतं. मग वरच्या बेननी माठाला ओलं फडकं गुंडाळून त्यात कोरड्या डब्यात ती शीशी ठेवली. उघडलेली शीशी साधारण चार आठवडे बाहेर टिकते, पण कडक ऊन किंवा गरमी लागायला नको, हे त्या बेनना माहीत होतं. त्यांच्या आईला मधुमेह होता म्हणून.

मुलगा गप्पच झाला. बाहेर आल्यावर म्हणाला, "मी त्यांना उचलून वर नेलं आणि ग्रुपवर फोटो टाकला. औषधाचं विचारलंच नाही." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्याला समजावलं नाही. थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, "आपल्या गल्लीत अशी किती माणसं असतील?"

हीच ती हाक. हा प्रश्न मी विचारला असता तर ते काम माझं झालं असतं. त्याचा त्यानं विचारला.

२४ नोव्हेंबर, रविवार

पहिली फेरी. चार मुलं, दोन तास, ३१ घरं. त्याच मुलानं लांब पानांची हिशोबाची वही आणली आणि रेघा आखल्या : घर, कोण राहतं, वय, रोजचं औषध, पाणी आलं तर वर कुणाकडे जाणार, कुलपाची दुसरी चावी कुणाकडे.

पहिल्या आठ-दहा घरांत दारं अर्धवटच उघडली. "सर्व्हे कसला? आधार कार्ड दाखवू का?" मुलं खट्टू झाली. मग सीएवाल्या मुलीनं वही मिटून काखेत मारली आणि पुढच्या दारात नुसतं विचारलं, "काका, पाणी आलं तेव्हा तुम्ही कुठे बसला होतात?" दार सताड उघडलं. चहा आला. काकांनी लाकडी दिवाणाचे फुगलेले पाय दाखवले, पाण्यात गेलेल्या लग्नाच्या फोटोंबद्दल सांगितलं, २००५ आणि २०१९ च्या पुराशी तुलना केली. २०१९ च्या ३१ जुलैला चोवीस तासांत सुमारे २० इंच पाऊस पडला होता, तो दिवस या गल्लीतल्या प्रत्येकाला पाठ आहे. वहीतल्या सगळ्या रकान्यांची उत्तरं त्या गप्पांत आपसूक मिळाली. बाहेर आल्यावर जिन्यात बसून तिनं ती भरली.

ही युक्ती मला सुचली नसती. यापुढे आधी गप्पा, मग वही.

८ डिसेंबर, रविवार

आता दुसरं काम : मागची कांस. बडोद्याबाहेरच्या मराठी माणसासाठी लिहून ठेवते, कांस म्हणजे पावसाचं पाणी नदीला नेऊन सोडणारा मोठा ओहोळ. भूखी, मसिया, रूपारेल अशी नावं असलेल्या कांसा शहरभर आहेत. कांस तुंबली की नदी चढण्याआधीच पाणी उलटं फिरून घरात येतं.

"साफ करू" असं सगळेच म्हणत होते. पण चार मुलांनी घमेली घेऊन ही कांस साफ होत नाही, आणि दोन रविवार हात दुखले की तिसऱ्या रविवारी कोणी येत नाही, हे मी पूर्वी पाहिलं आहे. म्हणून अगदी लहान काम ठरलं. दर रविवारी सकाळी आठ वाजता गरनाळ्याच्या, म्हणजे कांसेवरच्या छोट्या पुलाच्या, कठड्यावर त्याच जागी उभं राहून कांसेचा एक फोटो काढायचा. कठड्यावर खडूनं पावलांची खूण केली आहे. फोटो, तारीख, आणि पाणी वाहतंय का थांबलंय, एवढंच. वेळ लागतो दहा मिनिटं. दोघांची पाळी.

आजच्या फोटोत : थर्माकोल, नारळ, एक गादी.

१२ जानेवारी २०२५, रविवार

युवा दिन. पलीकडच्या सभागृहात विवेकानंदांवर व्याख्यान होतं. १८९२ साली स्वामीजी बडोद्याला येऊन दिलाराम बंगल्यात राहिले होते, वक्त्यांनी सुरुवात तिथूनच केली. बोलणं मनापासून होतं, सभागृह भारून गेलं. माझ्याही अंगावर काटा आला. शेवटी आमच्या मुलांना व्यासपीठावर बोलावलं आणि खाली उतरेपर्यंत २६ नवी नावं कागदावर आली.

अशा वेळी लोक म्हणतात की भाषणानं काय होतं. मला ते पटत नाही. भाषणानं दार उघडतं. ते किती वेळ उघडं राहील याचा भरवसा नसतो, म्हणून त्याच दिवशी आत पाऊल पडायला हवं. आम्ही आधीच ठरवून गेलो होतो : नावं लिहून 'कळवू' म्हणायचं नाही. तिथल्या तिथे एका जुन्या मुलाबरोबर एका नव्याची जोडी, आणि जेवायच्या आत एका घरी भेट. २६ पैकी १७ जण त्याच दुपारी कुणाच्या ना कुणाच्या ओसरीवर जाऊन आले. त्यांत अकरावीतली एक मुलगी होती. ती सारखी वहीतले रकाने वाचत होती.

२६ जानेवारी, रविवार

उत्तरायण होऊन गेलं. कांसेच्या जाळीत मांजा अडकलाय, पक्ष्यांसाठी तो काढून घेतला. त्या १७ पैकी ९ जण टिकले. मला हा आकडा मोठा वाटतो.

९ फेब्रुवारी, रविवार

आज वाईट दिवस. नव्यांपैकी एक मुलगा फोटो 'जवळून' घ्यायचा म्हणून कठडा ओलांडून कांसेच्या काठावर उतरला. विश्वामित्रीत मगरी आहेत हे बडोद्यात सांगावं लागत नाही. याच आठवड्यात वनखात्यानं त्यांची मोजणी केली, चारशेंहून जास्त निघाल्या. मगर फेब्रुवारी ते एप्रिल काठाच्या मातीत अंडी घालते आणि त्या दिवसांत घरट्याजवळ कुणी आलेलं तिला खपत नाही. पुरात तर त्या कांसांतून थेट सोसायट्यांमध्ये येतात. १९७२ च्या कायद्यानं मगरीला पूर्ण संरक्षण आहे. दिसली तर आपण लांब व्हायचं आणि वनखात्याला फोन करायचा, दुसरं काही करायचं नाही.

मुलाला काही झालं नाही. पण मी खूप घाबरले आणि सगळ्यांसमोर ओरडले. वही माझ्याकडे घेतली. यापुढे मी सांगेन तेव्हाच जायचं, असं म्हणून टाकलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

१६ तारखेचा फोटो निघालाच नाही. मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कुणी आपणहून गेलं नाही. डिसेंबरपासून पहिल्यांदा पान कोरं राहिलं.

संध्याकाळी सीएवाली आली. चहा घेईपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "काकू, तुम्ही ओरडलात ते बरोबरच होतं. पण वही तुमच्याकडे असली की आम्ही पाहुणे होतो." मला ते लागलं, कारण खरं होतं. मी तिला वही परत दिली आणि माझी चूक झाली असं सांगितलं. कठडा ओलांडायचा नाही हा नियम कायम, पण तो आता मुलांनी स्वतःच्या अक्षरात पहिल्या पानावर लिहिला आहे आणि खाली सगळ्यांच्या सह्या आहेत. उतरलेल्या मुलाची सही सगळ्यात वर.

मोठ्या माणसांनी या कामात नेमकं काय करायचं, याचा विचार मी गेले पंधरा दिवस करते आहे. चहा द्यावा, बसायला ओटा द्यावा, धोका दिसला तर आडवं व्हावं, आणि बाकी वेळ हात मागे ठेवावेत. हे शेवटचं सगळ्यात अवघड जातं.

२ मार्च, रविवार

बोर्डाच्या परीक्षा सुरू. घरभेटी बंद, फक्त फोटो, दोघांची पाळी. मुलांनीच ठरवलं, "बंद नाही करायचं काकू, बारीक करायचं." मला हा शब्द फार आवडला.

३० मार्च, गुढीपाडवा

पैशांचा विषय निघाला. दोर, चार टॉर्च, शिट्ट्या आणि औषधांसाठी घट्ट झाकणाचे डबे हवे आहेत. एका ओळखीच्या गृहस्थांनी सगळा खर्च देऊ केला. टी-शर्ट, फलक, त्यावर त्यांचं नाव. मुलं खूश.

मी फक्त आमच्या बडोद्याची जुनी गोष्ट सांगितली. १९१० साली सयाजीरावांनी अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावलं आणि गावोगाव ग्रंथालयं उभी केली. मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात काचेच्या जमिनीवर उभं राहून वरून झिरपणारा उजेड पाहिला की अजूनही मला माहेरी आल्यासारखं वाटतं. पण तो थाट शहरातला. गावात वाचनालय हवं असेल तर आधी गावानं आपला वाटा जमवायचा, मग तेवढाच पंचायत घालणार आणि तेवढाच सरकार. पैसे नव्हते म्हणून हा नियम केला असं मला वाटत नाही, राज्य श्रीमंत होतं. ज्यात आपला रुपया आहे त्या कपाटाला गाव कुलूप लावून विसरत नाही. मी आयुष्यभर कपाटं सांभाळली, मला हे पटतं. जिथे पेटीतून फिरतं वाचनालय जायचं, तिथेही पेटी वेळेवर परत पाठवणारं एक माणूस गावातलंच असायचं.

मुलांनी तासभर वाद घातला. ठरलं ते असं : आधी घरटी ५० रुपये, ३१ घरांतून. जमेल तेवढीच रक्कम त्या गृहस्थांकडून घ्यायची, आणि टी-शर्ट नको. त्यांना सांगायला दोन मुलं गेली. ते नाराज झाले नाहीत, उलट स्वतःच्या घरचे ५० वेगळे दिले.

संध्याकाळपर्यंत २८ घरांचे १,४०० रुपये जमले. आजींनी सुटी नाणी मोजून दिली आणि पावती मागितली. पावतीपुस्तक आणायचं राहिलंच होतं. मुलगा धावत रावपुऱ्यात गेला. सणाचा दिवस, तरी एक दुकान उघडं सापडलं.

२० एप्रिल, रविवार

कांसेच्या सफाईचा अर्ज. पहिल्या दोन खेपांना ज्या कार्यालयात गेलो तिथे कागद घेतला आणि "बघतो" म्हणाले. पुढे काहीच नाही. तिसऱ्या खेपेला समोरच्या बेननी शिकवलं : अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. अर्जही त्यांनीच लिहून दिला. आमच्या मुलांची गुजराती बोलायला फर्डी, पण सरकारी गुजराती लिहिताना पेन अडतं.

सोबत फोटो जोडले. आजपर्यंत २० रविवार, १९ फोटो. एकाच जागेवरून, तीच झाडं, तोच कठडा, आणि डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत गाळ वर वर येताना स्पष्ट दिसतो. खिडकीवरच्या माणसानं ते पत्त्यांसारखे एकापाठोपाठ एक पाहिले आणि आत जाऊन साहेबांना बोलावून आणलं. "हे कोणी काढले?" त्यांनी विचारलं. चार मुलांनी एकदम हात वर केले.

११ मे, रविवार

मशीन येऊन गेलं. नदीचं पात्र रुंद करण्याचं मोठं काम मार्चपासून चालू आहे, त्यातच आमच्या कांसेचाही नंबर लागला. फक्त उपसलेला गाळ काठावरच ढीग करून ठेवलाय. पहिल्या दणक्यात तो पुन्हा आत जाणार. मुलांनी मला न विचारता त्याच आवक क्रमांकाचा हवाला देऊन दुसरा अर्ज दिला, फोटोसकट. मला आज कळलं. ढीग उचलायला सुरुवात झाली आहे.

१ जून, रविवार

रंगीत तालीम. बातम्यांत सांगतात ती नदीची पातळी काळा घोडा पुलाजवळची. आजव्याच्या ६२ दरवाज्यांचीही बातमी येते. मुलांनी आपला आकडा ठरवला : काळा घोड्याला १८ फूट झालं की वहीतल्या घरांना सांगायला निघायचं. धोक्याची खूण यायची वाट बघायची नाही, कारण वयस्कर माणसाला कपाट आवरून जिना चढायला वेळ लागतो. किती लागतो, ते आज मोजलं.

घड्याळ लावून ३१ घरं, एक तास पन्नास मिनिटं. आजींनी वर जायला साफ नकार दिला. देव्हारा खाली ठेवून येणार नाही म्हणाल्या. वहीच्या रकान्यांत देव नव्हता. मुलानं तिथल्या तिथे त्यांच्या नावापुढे लिहिलं : 'देवांची पेटी आधी, मग आजी.' बाळकृष्ण आणि टाक मावतील असा झाकणाचा डबा त्यांनी स्वतःच निवडून दिला. मग हसत जिना चढल्या, मध्ये दोनदा थांबून. थांबण्याचा वेळही वहीत लिहिला.

१५ जून, रविवार

ज्यानं वही आखली त्या मुलाला पुण्यात नोकरी लागली, मंगळवारी निघतो. गेले आठ दिवस मला एकच काळजी होती, पण या वेळी मी हात मागे ठेवले.

आज सकाळी तो अकरावीतल्या, आता बारावीत गेलेल्या मुलीला घेऊन आजींकडे आला. दोघं जमिनीवर बसले, वही मध्ये. त्यानं एकेक पान उलटून सांगितलं. या काकांना कमी ऐकू येतं, बेल वाजवू नकोस, खिडकीवर टकटक कर. या घरची चावी आता बदलली आहे. इथे कुत्रा आहे, पण बांधलेला असतो. तीन पानं झाल्यावर ती म्हणाली, "दादा, हे आहे वहीत. मला जे वहीत नाही ते सांग." तो थोडा वेळ विचार करत राहिला आणि मग सांगत राहिला. तिनं सगळं समासात बारीक अक्षरात उतरवून घेतलं. पाऊण तास गेला असेल.

आजी पलंगावरून ऐकत होत्या. मुलगा पाया पडायला वाकला तेव्हा त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी मुलीकडे पाहिलं.

"पुढच्या रविवारी तू येणार ना गं? किती वाजता?"

"कांसेचा फोटो काढून येते आजी. साडेआठला."

आजींनी उशीजवळची डायरी ओढली, चष्मा लावला आणि वेळ लिहून घेतली.